आधी विसण

माझी नोकरी अपघात होऊ नयेत म्हणून आहे. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. वितळलेलं लोखंड, तापलेली वाळू, डोक्यावरून फिरणारी क्रेन, या सगळ्यातून माणसं सकाळी जशी आली तशी संध्याकाळी घरी गेली पाहिजेत, एवढंच माझं काम. गेटजवळ एक फळा आहे. अपघाताविना किती दिवस गेले तो आकडा त्यावर असतो आणि रोज सकाळी मी तो स्वतः बदलतो. घरी असा फळा लावावा असं माझ्या कधी मनात आलं नाही. सेफ्टी ऑफिसरच्या घरात त्याची काय गरज?

गेल्या हिवाळ्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीचा, ओवीचा, उजवा पाय कढत पाण्यानं पोळला. मी तिथंच होतो, चार पावलांवर. आता पाय बरा आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचताना हसायला मोकळीक राहील. आम्हाला त्या वेळी ती नव्हती.

सदलग्याची बादली

माझा चुलतभाऊ महादेव सदलग्याला मळ्यात राहतो. त्याच्या मुलाचं बारसं होतं म्हणून आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको मेघा आणि ओवी, आदल्या दिवशीच जाऊन राहिलो होतो. सकाळी पंचवीस-तीस माणसांच्या आंघोळी उरकायच्या होत्या. परड्यात चुलीवर मोठा हंडा चढवलेला, न्हाणीसमोर टॉवेल खांद्यावर टाकून रांग, आणि प्रत्येकजण पुढच्याला घाई करतोय, असं एकंदर वातावरण होतं.

आमच्याकडे आंघोळीचं पाणी काढायची पद्धत ठरलेली आहे. आधी हंड्यातलं कढत पाणी बादलीत ओतायचं, मग सोसेल इतपत गार पाणी त्यात घालायचं. या गार पाण्याला विसण म्हणतात. कढत आधी, विसण मागून. असं का, हे कोणी विचारत नाही. आजोबांनी असंच केलं, वडिलांनी असंच केलं. कढत आधी ओतलं की भरपूर वाफ निघते आणि आंघोळ केल्यासारखी वाटते, एवढंच कारण मला आज सुचतंय.

मीही तसंच केलं. अर्धी बादली कढत पाणी ओतलं. ओवी कपडे काढून कुडकुडत शेजारी उभी होती. "हलू नको, विसण आणतो," असं तिला सांगून मी हौदाकडे वळलो. तिथं मला जरा वेळ लागला. का लागला ते पुढं सांगतो. मेघाला सांगायलाही मला नऊ दिवस लागले.

थंडीनं काकडलेल्या पोराला समोर वाफ दिसली की ते काय करणार? तिनं पाय घातला. ती किंकाळी मी इथं लिहून दाखवू शकत नाही.

आक्का आणि मिश्री

आता माझं ज्ञान ऐका. पोळलं की लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, वीस मिनिटं. अंगावरचे दागिने काढायचे, स्वच्छ फडक्यात गुंडाळायचं आणि दवाखाना गाठायचा. दुसरं काहीही लावायचं नाही, बर्फसुद्धा नाही. हे मला पाठ आहे. आमच्या कँटीनमध्ये याचं पोस्टर आहे आणि ते मीच चिकटवलंय.

मी ओवीला उचलून हौदापाशी नेलं आणि पायावर पाणी ओतायला लागलो. दोन तांबे झाले असतील नसतील, तोवर सगळं बारसं माझ्याभोवती जमा झालं. कोणी टूथपेस्ट आणली, कोणी बटाटा किसायला घेतला, एकानं दह्याचं भांडं पुढं केलं. महादेवच्या सासऱ्यांनी खिशातलं शाईचं पेन काढून त्याचं टोपण फिरवायला सुरुवात केली. आणि मग गर्दी बाजूला झाली, कारण आक्का आली.

आक्का ही माझी थोरली आत्या. ती सकाळी तासभर मिश्री लावते. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू, दाताला लावायची काळी पूड. निपाणीच्या बाजूला घरोघरी डब्या असतात. पण आक्काची डबी फक्त दातांसाठी नाही. विंचू चावला, मिश्री. बोट कापलं, मिश्री. म्हशीच्या खुराला जखम झाली, तरी मिश्रीच.

"पोळल्याव पानी वततंय व्हय कोन?" ती माझ्यावर ओरडली. "टराटरा फोड येतील की! सर बाजूला!"

"आक्का, पाणीच घालायचं असतंय. मला शिकवलंय."

"तुला शिकवायच्या आदी मी तुझं ढुंगान धुतलंय. सर म्हंते न्हवं!"

आणि मी सरलो. दीडशे माणसांना हेल्मेट घातल्याशिवाय आत न सोडणारा मी, हातात तांब्या घेऊन बाजूला सरलो. आक्कानं मूठभर मिश्री त्या लालभडक पायावर दाबली. कसला तरी इलाज झाला म्हणून सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही बरं वाटलं.

एका वाक्यात सुटलेला सीमाप्रश्न

महादेवनं गाडी काढली. निपाणीच्या डॉक्टरांनी पाय बघितला, इंजेक्शन दिलं, वरवर जितकी निघाली तितकी मिश्री धुऊन पाय गुंडाळला आणि म्हणाले, "पोरीची तब्येत तशी ठीक आहे, पण पाय मोठ्या दवाखान्यात दाखवा. आजच."

हायवेवर येताच गाडी थांबली. कोल्हापूर की बेळगाव? महादेव म्हणाला, कोल्हापूर जवळ. मागं बसलेल्या आक्कानं सांगितलं, कोल्हापूरचे डॉक्टर हाताला गुण असलेले. मी विम्याचं काही तरी बोलायला लागलो. मेघा सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती. ओवीला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "कोगनोळीचा नाका वलांडायचा न्हाय, घर बेळगावात हाय." कोगनोळीच्या नाक्यापलीकडे महाराष्ट्र लागतो. सीमाभागात इतक्या लवकर सुटलेला सीमाप्रश्न माझ्या तरी पाहण्यात नाही.

वाटेत ओवीला दोनदा उलटी झाली. आम्हाला वाटलं, गाडी लागली.

बेळगावच्या डॉक्टरबाई मूळच्या धारवाडकडच्या. त्यांच्या मराठीला कन्नड हेल होता. त्यांनी पट्टी सोडली आणि पायाकडे बघत राहिल्या.

"काळं काय हे?"

"मिश्री."

"कोण लावलं?"

आक्का बाहेर बाकावर बसली होती. मी म्हणालो, "मी."

"काय काम करता तुम्ही?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "सेफ्टी ऑफिसर आहे."

"सेफ्टी ऑफिसरा?" एवढंच बोलून त्यांनी पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. काय लिहिलं ते मी अजून वाचलेलं नाही.

नंतर त्यांनी शांतपणे सांगितलं, की तंबाखू उघड्या कातडीतून अंगात जाते, उलट्या बहुधा त्यानंच झाल्या, आज दिवसभर पोरीवर लक्ष ठेवू. आणि मग मुद्द्याचं. घोट्यापुढचा एक भाग खोल पोळला होता, त्यात मिश्रीचे कण रुतून बसले होते. "दोन आठवडे बघू. आपोआप भरलं तर छान. नाहीतर मांडीची कातडी काढून इथं लावायला लागतंय." सूज चढल्यामुळे ओवीचं पैंजण निघेना. सिस्टरनी ते कात्रीनं कापून माझ्या हातात दिलं. तेवढंसं पैंजण हातात घेऊन मी तिथंच रडलो. मेघा रडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

एन हच्चीरी?

पोळलेल्या मुलांच्या वॉर्डात नाव-गाव विचारायची पद्धत नाही. पहिला प्रश्न असतो, काय लावलं?

शेजारच्या कॉटवर बैलहोंगलकडच्या बसप्पांचा मुलगा होता. मी पिशवी खाली ठेवतोय तोच त्यांनी विचारलं, "एन हच्चीरी?"

"मिश्री," मी मान खाली घालून म्हणालो.

बसप्पांनी आदरानं भुवया उंचावल्या. "नावु टूथपेस्ट," ते म्हणाले, आणि मग माझ्यासाठी मराठीत, "फॅमिली साईज. पूर्ण ट्यूब."

पलीकडे खानापूरच्या एक बाई होत्या, हायस्कूलला विज्ञान शिकवणाऱ्या. त्या दोन दिवस कोणाला काही सांगत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी चहा घेताना कबूल झाल्या, "शाई. निळी. आणि मी उष्णतेचा धडा शिकवते हो." त्या दिवसापासून आम्ही तिघं एकमेकांचे डबे खायला लागलो.

बसप्पांच्या मुलानं कट्ट्यावरचा चहाचा ट्रे खाली ओढला होता. बाईंची मुलगी गार व्हायला जमिनीवर ठेवलेल्या आमटीच्या पातेल्यात मागच्या मागं बसली होती. आम्ही या गोष्टी एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगायचो आणि दर वेळी एकच निघायचं. प्रत्येक पोराजवळ एक मोठं माणूस उभं होतं. दुर्लक्ष करणारं नव्हे, चांगलं माया करणारं माणूस. ते फक्त एकदा वळलं होतं.

दर दोन दिवसांनी ड्रेसिंग. त्या सकाळी वॉर्डात कोणी मोठ्यानं बोलत नसे. गुंगीचं औषध देत, तरीही रडं असेच. ओवीनं पहिल्याच ड्रेसिंगला नियम केला, आई आत, पप्पा बाहेर. मी जवळ गेलो की "पप्पा नको" म्हणायची. पाण्याचा पेला माझ्या हातात दिसला की विचारायची, "गरम हाय?" मी आधी पिऊन दाखवायचो. तरी ती पेला आईकडूनच घ्यायची. आक्का गावी परत गेली होती आणि तिथून रोज फोन करून एकच विचारायची, "माझी मिश्री लावलीया न्हवं, गुन आला असंल की?" मी म्हणायचो, येतोय आक्का.

मेघा माझ्याशी बोलत होती, पण फक्त वस्तूंबद्दल. टॉवेल. चार्जर. उकडलेली अंडी, कारण डॉक्टरबाईंनी जखम भरायला अंडी खा म्हणून सांगितलं होतं. "पाणी वतून तुम्ही गेलता कुठं?" एवढा एक प्रश्न तिनं विचारला नव्हता आणि तो दिवसभर आमच्या मधल्या स्टुलावर बसलेला असायचा.

हौदापाशी काय झालं

नवव्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या कँटीनमध्ये मीच सांगून टाकलं.

"मेघा, मी विसण आणायला गेलो ना, तिथं महादेवनं दुसरी बादली ठेवली होती. पाणी तापवायचा रॉड काठीला अडकवून सोडलेला. वायरला प्लग नाही. उघड्या तारा सॉकेटात काडेपेटीच्या काड्या खुपसून बसवलेल्या."

"मग?"

"मग मी त्याला समजावून सांगत होतो."

"काय?"

"सेफ्टी."

तिनं चमचा खाली ठेवला.

"अर्थिंग कसं असावं ते सांगितलं. मग म्हणालो, महादेवा, घरात लहान पोरं आहेत, चुलीजवळ, पाण्याजवळ डोळ्यांत तेल घालून..." मी बशी बाजूला सारली. "तेवढ्यात ओवी ओरडली."

मेघा माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. आधी मला वाटलं तिला ठसका लागला. ती हसत होती. टेबलावर डोकं टेकून, खांदे हलवत, शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघावं इतकं हसत होती. "डोळ्यांत तेल," ती म्हणाली, "अर्थिंग," आणि परत हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नसावं. डोळे पुसून ती म्हणाली, "मला वाटलं फोन बघत बसला असाल. फोन असता तर मी कधीच माफ केलं नसतं."

"आणि याला?"

"ह्याला काय माफ करायचं? तुमचा स्वभावच हाय त्यो." नऊ दिवसांनी तिनं माझ्या बशीत तिची अर्धी इडली ठेवली.

आक्का येते

बाराव्या दिवशी आक्का सदलग्याहून आली. डोक्यावर पदर, हातात भाकरीचा डबा, कमरेला मिश्रीची डबी. राऊंडची वेळ होती. डॉक्टरबाई ओवीच्या कॉटपाशीच उभ्या होत्या. आक्का आत आली तसं बसप्पांनी सवयीनं विचारलं, "एन हच्चीरी, अज्जी?"

सदलग्याच्या बाईला एवढं कन्नड सहज कळतं.

"मिश्री," आक्का ताठ मानेनं म्हणाली. "ह्या पोरीच्या पायाला. मी लावली."

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. डॉक्टरबाईही. "हे तर म्हणाले, मी लावलो."

"त्यो? त्याला काय येतंय लावाय? त्यो तर पानी वतत हुता. मीच त्याला बाजूला सारलं."

डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही. आक्काला स्टुलावर बसवून त्यांनी सगळं समजावलं. पाणी बरोबर होतं. मिश्रीतली तंबाखू पोरीच्या अंगात गेली. कण जखमेत राहिले. परवा पट्टी उघडू तेव्हा कळेल, मांडीची कातडी काढायची की नाही.

आक्का ऐकत होती. मिश्रीनं काळे झालेले तिचे ओठ हलत होते. मग ती माझ्याकडे वळली. "मग रोज फोनवर गुन येतोय म्हनून का सांगत हुतास रं?"

मी ओवीचं पांघरूण सारखं करायला लागलो.

"मांडीची कातडी माझी काढा," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "म्हातारी हाय पर चिवट हाय. पोरीला हात लावू नगा."

तसं चालत नाही, हे डॉक्टरबाईंनी तिला तीनदा सांगितलं. दोन दिवस आक्का वॉर्डातून हलली नाही. त्या दोन दिवसांत तिनं मिश्रीची डबी एकदाही उघडली नाही आणि सगळ्यांवर खेकसत राहिली. सिस्टर म्हणाल्या, डबी उघडली असती तर बरं झालं असतं.

चौदाव्या दिवशी पट्टी उघडली. डॉक्टरबाई वाकून बघत होत्या. इतका वेळ बघत होत्या की बसप्पा उठून उभे राहिले आणि खानापूरच्या बाईंनी मेघाचा हात धरला. कडांनी गुलाबी कातडी आत सरकत आली होती. मधे नाण्याएवढी जागा राहिली होती.

"भरतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऑपरेशन नको."

आक्कानं पदर तोंडात कोंबला. मी आनंदानं ओवीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलो. "पप्पा नको," ती म्हणाली.

पहिली आंघोळ

घरी आल्यावरही ओल्या फडक्यानं अंग पुसणंच चाललं होतं. जखम पूर्ण भरली तशी डॉक्टरबाईंनी आंघोळीला परवानगी दिली. परवानगी मिळून आठवडा झाला, तरी ओवी न्हाणीच्या उंबऱ्याबाहेरून आत यायला तयार नव्हती. मेघानं खेळणी टाकली, साबणाचे फुगे केले, शेजारच्या पोरांना आंघोळ घालून दाखवली. ती बादली बघायची आणि मागं सरायची. मी तर तिथं दिसलो तरी रडायची.

एका रविवारी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, तू बस."

"कुठं?"

"पाटावर. मी तुला आंघोळ घालते."

मी चड्डीवर पाटावर बसलो. मेघा दारात उभी राहिली. बादली रिकामी होती.

"आधी विसण," ओवी म्हणाली. हे मी तिला वॉर्डात शंभर वेळा सांगितलं होतं आणि तिनं एकदाही ऐकल्याचं दाखवलं नव्हतं. ती गार पाण्याच्या नळाखाली बादली धरून बसली. अर्धी भरली. मी गरम नळाकडे हात नेला.

"हात नको लावू!"

मी हात मागं घेतला. बादली काठोकाठ गार पाण्यानं भरली. जानेवारीतलं बेळगाव ज्यांना माहीत आहे त्यांनाच हे पाणी कळेल. तिनं त्यात कोपर बुडवून बघितलं, कारण बघायचं असतं हेही मीच सांगितलं होतं. मग पहिला तांब्या भरून माझ्या डोक्यावर ओतला.

माझा श्वास अडकला. दारात मेघानं तोंडाला पदर लावला.

"पोळतंय?" ओवीनं विचारलं.

"नाही."

दुसरा तांब्या. तिसरा. चौथा पाठीवर. माझे दात वाजायला लागले. दर तांब्याला ती वाकून माझा चेहरा नीट बघत होती आणि मी हसत होतो. अकरा तांबे मी मोजले. मग तिनं तांब्या खाली ठेवला, उंबऱ्याच्या आत आली आणि गुलाबी नव्या कातडीचा उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"आता मला," ती म्हणाली. "पण तू कुठं जायचं नाही."

मी कुठंच गेलो नाही.